गुपित पोस्टकार्डं, करवंटीच्या वाट्या आणि तक्रारींचा नरकासुर: मजा करत मदतनिधी कसा जमवायचा

दारात वर्गणी मागायला उभं राहिलं की समोरच्याचं तोंड कसं होतं ते दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी वर्गणी मागत वाडाभर फिरलेल्या गोव्यातल्या प्रत्येक पोराला माहितीय. "मालक घरात नाहीत" असं मालकच सांगतो. आणि हाच माणूस, त्याच्या हातात ब्रश दिला आणि म्हटलं की बाबा एक कुत्रा काढ, कसाही काढ, तर अर्धा तास मान वर करत नाही आणि जाताना स्वतःहून खिशात हात घालतो. हे मी फोंड्याजवळच्या आमच्या गावात चार वर्षं बघतोय, म्हणून ज्यांना असं काही पहिल्यांदाच करायचंय त्यांच्यासाठी सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मी काही आर्टिस्ट नाही, दिवसभर ऑफिसात एक्सेल शीट भरतो. आमच्या ग्रुपमधल्या अकरा जणांत चित्रकला शिकलेली एकच जण आहे आणि तीही हल्ली फक्त रांगोळ्या काढते.

आधी काम ठरवा, कला नंतर

सगळे इथेच गडबडतात, आम्हीपण गडबडलो. पहिल्या वर्षी बॅनरवर लिहिलं "मुक्या प्राण्यांसाठी", लोक आले, बघितलं, छान छान म्हणाले आणि गेले. कारण मुके प्राणी म्हणजे नक्की काय ते कुणालाच कळलं नाही, गायी, मांजरं की कुत्रे, आणि पैसे जाणार कुठे. दुसऱ्या वर्षी लिहिलं "आपल्या वाड्यावरच्या आठ कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस", खाली त्या आठही जणांचे फोटो आणि नावं (टायगर दोन होते), आणि संस्थेने सांगितलेला एका कुत्र्याचा खर्च. मग लोक भांडायला लागले की लाल्याचे पैसे मी देणार.

म्हणजे काम छोटं पाहिजे, आकडा ठरलेला पाहिजे आणि काम झाल्यावर डोळ्यांना दिसलं पाहिजे. अंगणवाडीला पाण्याचा फिल्टर, वाचनालयाला पावसाळ्याआधी दोन लोखंडी कपाटं, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात केमोसाठी जाणाऱ्या एखाद्या घराचा तीन महिन्यांचा गाडीखर्च. हे शेवटचं असेल तर एकच सांगतो, पेशंटचं नाव आणि फोटो बोर्डावर लावू नका. गाव लहान असतं, आजारी माणसाला उद्या त्याच तिंट्यावर (बाजारात) मासे घ्यायला जायचं असतं.

मग संस्था बघा. स्वतः ट्रस्ट काढायच्या भानगडीत पहिल्याच वर्षी अजिबात पडू नका, जी संस्था ते काम आधीच करतेय तिच्याकडे जा, सांगा की आम्ही असं असं करतोय, पैसे थेट तुमच्या खात्यात येतील, चालेल का? त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या. ते पत्र टेबलावर ठेवलं की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

खेळ कुठला?

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करताय ना, मग गुपित पोस्टकार्डच करा. कल्पना आमची नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४ मध्ये हे सुरू केलं, मोठमोठे कलाकार आणि कॉलेजची मुलं एकाच मापाच्या कार्डावर चित्र काढणार, सही मागच्या बाजूला, सगळ्यांची किंमत सारखी, आणि पैसे दिल्याशिवाय कोणाचं आहे ते कळणार नाही. न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या कामासाठी १९९८ पासून जवळजवळ असाच प्रकार होतो. आता आपल्या गावात मोठा कलाकार कुठून आणायचा असं वाटेल, पण खरी गंमत तिथे नाहीच आहे. गंमत अशी की पंचायतीचे सरपंच, पहिलीतली पोरगी, सकाळी सायकलवरून पाव घालणारा पोदेर आणि पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयातला विद्यार्थी हे चौघं एकाच दोरीवर लटकतात आणि कोण कुठलं ते कुणाला सांगता येत नाही. आणि "मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्याची भीती पण जाते, कारण नाव दिसतच नाही ना!

आमच्याकडे दुसऱ्या वर्षी सगळ्यात आधी कुठलं कार्ड गेलं सांगू? पाच पायांचा कुत्रा. पहिलीतल्या मुलाने काढलेला. नंतर त्याला विचारलं पाच पाय का रे, तर म्हणाला तो पाय नाही, शेपूट आहे, दमलीय म्हणून खाली आलीय. आणि आर्ट शिकणाऱ्या एका मुलाने मांडवीतली फेरीबोट काढलेली, पाण्यातली सावलीसुद्धा इतकी सुंदर, ती संध्याकाळी पाचपर्यंत दोरीवरच. तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून बघत होता. शेवटी आमच्या मामीने घेतली आणि तीसुद्धा का, तर तिचं माहेर मांडवीतल्या दिवाडी बेटावर.

कार्डांची तयारी, म्हणजे खरी मेहनत

कागद साधा घेऊ नका, वॉटरकलर लावला की वळतो. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद ए-फोर साइजमध्ये घ्या आणि एका कागदाचे बरोब्बर चार तुकडे करा, चारही ए-सिक्स, म्हणजे पोस्टकार्डाएवढे. दोनशे कार्डांना पन्नास कागद झाले. कापायला झेरॉक्सवाल्याकडे जा, त्याच्याकडे कटिंगचं मशीन असतं, पाच मिनिटांचं काम. आम्ही घरी पट्टी आणि कटरने कापत बसलो आणि एकाही कार्डाचा कोपरा सरळ आला नाही.

मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने नंबर आणि नाव. पेन नको, शाई पुढे उमटते. तोच नंबर वहीत. वही एकाच माणसाकडे, आणि तो माणूस असा निवडा ज्याच्या पोटात गोष्ट राहते. आमच्याकडे असा एकच सापडला.

आता जी चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. देवळाच्या सभामंडपात दोऱ्या बांधल्या, कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी कार्डं लटकवली, एकदम मस्त दिसत होतं, आणि अकरा वाजता उकडतंय म्हणून कुणीतरी पंखा लावला. सगळी कार्डं गरकन फिरली. नावं समोर, चित्रं मागे! वीस मिनिटांत सरपंचांचं कार्ड कुठलं ते सगळ्या गावाला कळलं आणि ते घ्यायला तिघे भांडत होते आणि बाकीच्यांची नावं वाचून लोक पुढे जात होते, म्हणजे खेळ संपला. तेव्हापासून आम्ही नावावर कागदाची छोटी पट्टी चिकटवतो, एका बाजूने, सहज निघेल अशी, आणि कार्डाला खालीसुद्धा चिमटा लावून खालच्या दोरीला अडकवतो.

किंमत सगळ्यांची एकच. आम्ही शंभर रुपये ठेवली. पहिल्या वर्षी वीस ठेवलेली, ती मूर्खपणाची, कारण वीस रुपयांच्या गोष्टीला लोक वीस रुपयांसारखंच वागवतात, दोन कार्डं तर तिथेच खुर्चीवर टाकून गेले. एका माणसाला जास्तीत जास्त पाच कार्डं, नाहीतर एखादे हौशी काका दहा मिनिटांत अर्धी दोरी रिकामी करतात. घेणारा नंबर सांगतो, पैसे देतो, कार्ड हातात येतं आणि मग सगळ्यांसमोर तो मागची पट्टी काढतो. ही पट्टी काढायची जागा मुद्दाम मधोमध ठेवा, टेबलाजवळ, कारण सगळा आरडाओरडा तिथेच होतो आणि बाहेरून जाणारे तो ऐकूनच आत येतात. दुसऱ्या वर्षी एकशे साठ कार्डं आली, एकशे एकतीस गेली, तेरा हजार शंभर रुपये. आठ कुत्र्यांना पुरले आणि थोडे वर उरले.

एक गोष्ट आवर्जून सांगा सगळ्यांना, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांची कॉपी नको. गोव्यात हातात पेन आलं की अर्धे लोक मारिओच काढतात, प्रेम आहे, मान्य. पण ते गेले २०११ मध्ये आणि आपल्याकडे कलाकार गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. घरात लावायला काढा, पण विकायला नको, काम चांगलं असलं म्हणून कायदा बदलत नाही. कार्टूनमधल्या मांजर-उंदरांचं पण तेच. आपला वाडा काढा, आपली आजी काढा, मासेवाली काढा.

करवंटीची वाटी आणि पेज

हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा, हात बसल्यावर. अमेरिकेत मिशिगनमध्ये दोन कलाशिक्षकांनी १९९० च्या सुमारास एक उपक्रम काढला, मुलांनी मातीचे बोल (वाडगे) बनवायचे, लोकांनी पैसे देऊन त्यात सूप प्यायचं आणि रिकामा बोल घरी न्यायचा, म्हणजे घरात तो दिसला की आठवण राहते की कुणाचातरी बोल रोज रिकामा असतो. भुकेल्यांसाठी पैसे. खूप देशांत पोचलं ते. आपल्याकडे डिचोलीला कुंभार आहेत, पण भट्टी, चकाकी वगैरे आपल्या हातातलं नाही आणि रंगवलेल्या मातीच्या भांड्यात गरम खाणं द्यायचं म्हणजे कुठला रंग पोटात जाईल याचा भरवसा नाही. म्हणून आम्ही करवंटी धरली. फुकट मिळते, प्रत्येक घरात रोज एक तरी नारळ फुटतो.

नारळ फोडला की दोन करवंट्या होतात, त्यातली तीन डोळ्यांची बाजू वाटीला घेऊ नका. त्या तिघांतला एक डोळा मऊ असतो, कोंब तिथूनच येतो, आणि गरम पेज ओतली की तिथूनच गळते. आमच्या पहिल्या सहा वाट्या अशाच गेल्या, एकाच्या पँटवर. डोळ्यांची बाजू पेन ठेवायला नाहीतर छोटं झाड लावायला वापरा, भोक आधीच तयार आहे. दुसरी बाजू रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बाहेरचे केस सुरीने खरवडा. माझी आजी काचेच्या तुकड्याने खरवडायची, काम झकास होतं पण मुलांच्या हातात देऊ नका. काठ वेडावाकडा असतो, तो हॅक्सॉने सरळ करा. मग पॉलिश पेपर, आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, शेवटी तीनशेवीस, आणि हे अंगणात बसून, तोंडाला रुमाल बांधून, ती भुकटी नाकात गेली की दिवसभर शिंका. शेवटी खोबरेल तेल चोळायचं, आतून-बाहेरून. काळी, चकचकीत होते एकदम. चित्र काढायचं तर फक्त बाहेरून, आणि काठापासून दोन बोटं खाली, जिथे ओठ लागतो तिथे रंग नको.

बूड गोल असतं म्हणून वाटी डुलते. जुनी बांगडी खाली ठेवा, झालं स्टँड.

आत काय द्यायचं तर उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याची मिस्कूट, म्हणजे लोणचं. लोक हॉटेलात जेवतात रोज, पण डिसेंबरच्या सकाळी मांडवाखाली बसून करवंटीतून पेज किती वर्षांत प्यायलेत? खतखतं करायचा मोह होईल पण शंभर माणसांचं खतखतं म्हणजे आधीच्या रात्री भाज्या चिरायला पंधरा बायका लागतात आणि मग निधी कुणासाठी जमवतोय तेच कळत नाही.

तक्रारींचा नरकासुर

हा आमचा स्वतःचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हसलो यातच. नरकासुर गावात होतोच, पहाटे जळतोच. आम्ही काय केलं, त्याच्या पोटावर मोठा पुठ्ठा लावला आणि बाजूला टेबल. वीस रुपये द्या, चिठ्ठीवर आपली तक्रार लिहा, चित्र काढा, नरकासुराच्या पोटावर चिकटवा, पहाटे तीपण जळणार. लोकांनी काय काय लिहिलं! रस्त्यावरचे खड्डे तर होतेच, गुडघेदुखी होती, दहावीचं गणित होतं, एका आजोबांनी फक्त "दूधवाला पाणी" एवढंच लिहिलं आणि खाली म्हशीचं चित्र काढलं.

नियम दोनच. कुणाचंही नाव लिहायचं नाही, चिठ्ठी चिकटवायच्या आधी टेबलावरचा माणूस वाचणार. हे नसेल तर पहाटेपर्यंत गावात दोन पार्ट्या पडलेल्या असतील. आणि दुसरं, पोटात थर्माकोल, प्लास्टिक काही नाही, फक्त पेंढा, कागद, पुठ्ठा, कारण ते जळणार आणि आपणच हुंगणार. लाउडस्पीकर दहाला बंद, तो नियम देशभर आहे, सरकारने त्या रात्रीपुरती खास सूट दिली नसेल तर आपल्या नरकासुरालाही तोच. (नरकासुर स्पर्धांच्या आवाजावर मी बोलायला लागलो तर हा लेख संपणार नाही.)

तारीख

जून ते सप्टेंबर कागदाचं काम ठेवू नका. एकदा जुलैमध्ये वर्कशॉप घेतलं, पोस्टर कलर तीन दिवस सुकला नाही आणि चौथ्या दिवशी कार्डांवर बुरशी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी कुणी मोकळा नसतो, घरोघरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते. दिवाळीत नरकासुर, आणि पोस्टकार्ड किंवा पेज डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा बाहेरगावचे आपलेच लोक सुट्टीवर आलेले असतात. पणजीत डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिवल असतो, त्या दिवसांत आर्ट शिकणारी मुलं मिळायची आशा सोडा. रविवार घ्या पण सकाळी दहानंतर, कारण आधी चर्चचा मिस (प्रार्थना) असतो आणि आपल्याला अख्खा गाव हवाय.

पैसे, इथे मजा बंद

क्यूआर कोड संस्थेचा लावा. तुमचा किंवा तुमच्या मित्राचा नको, कितीही सोपं वाटलं तरी नको. एकदा स्वतःच्या खात्यात दहा हजार आले की पुढची पाच वर्षं गावात कुणीतरी म्हणत राहतं की याने त्यातूनच स्कूटर घेतली. रोख येतेच, म्हाताऱ्या माणसांकडून, ती एका डब्यात, दोघांनी मिळून मोजायची, दोघांची सही, दुसऱ्या दिवशी संस्थेत भरून पावती.

कागद, रंग, तांदूळ यांचा खर्च जमलेल्या पैशातून काढू नका, पहिल्या वर्षी तरी. आम्ही अकरा जणांनी तीनशे तीनशे काढले आणि हार्डवेअरवाल्याने पॉलिश पेपर फुकट दिला, त्याचं नाव बोर्डावर लिहिलं, तो खूश.

८०जी, म्हणजे दानावरच्या आयकर सवलतीबद्दल, लोक विचारतात. तर कार्ड विकत घेतलं ती खरेदी झाली, दान नाही, त्यावर ८०जीची पावती मागू नये. कुणी वेगळं दान दिलं तर संस्था देईल, पण दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही, आणि नव्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर तसाही काही उपयोग नाही.

आता गोव्याचा खास मुद्दा. आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेलेले नातेवाईक कमी आहेत का? सुट्टीत आलेला असा भाऊ पाच हजार काढून देतो, प्रेमाने. पण कायद्याने तो परदेशी नागरिक आहे, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय पण परदेशी नागरिक झालेल्यांचं कार्ड) असलं तरी, आणि त्याने इथे उभं राहून रुपयांत दिले तरी ते परदेशी दान धरलं जातं. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी दानाच्या कायद्याखालची, नोंदणी असेल तरच तिला ते घेता येतं आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातून. कळंगुटवरून आलेल्या टुरिस्टचंही तेच. दुबईत असलेला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या पगारातले देत असेल तर अडचण नाही. म्हणून संस्थेला आधीच विचारून ठेवा आणि टेबलावरच्या माणसाला शिकवून ठेवा, नाहीतर संस्थेची मान अडकते आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

लकी ड्रॉ काढू असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणणारच. पैसे घेऊन तिकीट आणि नशिबाने बक्षीस म्हणजे कायद्याच्या भाषेत लॉटरी. चर्चच्या फेस्तांना (जत्रांना) सर्रास चालतं म्हणून आपणही करावं असं नाही. त्यापेक्षा एखादं मोठं चित्र लिलावात काढा, बोली लावायला एखादा मोठ्या आवाजाचा माणूस मिळाला की झालं.

आठ दिवसांत हिशोब देवळाच्या बोर्डावर, चर्चजवळ आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आले किती, भरले किती, पावतीचा फोटो. आणि काम झाल्यावर त्याचा पण फोटो, आमच्याकडे नसबंदीची खूण म्हणून कानाला व्ही आकाराचा काप दिलेला लाल्या, अगदी नाराज चेहऱ्याने बसलेला, त्या एका फोटोवर पुढच्या वर्षी न विचारता सतरा जणांनी कार्ड काढून आणून दिलं. मुलांचे फोटो मात्र आईवडिलांना विचारून, आणि कार्डावर मुलांचं फक्त पहिलं नाव.

न विकलेली कार्डं

ही परत देऊ नका, लहान मुलाच्या हातात त्याचं न गेलेलं कार्ड परत ठेवायचं म्हणजे काय ते मी एकदा केलंय. आमची एकोणतीस उरलेली, ती आम्ही ठेवून घेतली, मागच्या पट्ट्या तशाच ठेवल्या, उरलेल्या जागेत "तुमच्यामुळे आठ कुत्र्यांचं काम झालं" असं लिहून, पोस्टात विचारून तिकिटं लावली आणि ज्यांनी तांदूळ, नारळ, मंडप, खुर्च्या दिल्या त्यांना पोस्टाने पाठवली. पोस्टमनला आधी सांगून ठेवा की पट्टी उचकायची नाही. आमच्याने दोन उचकलीच, आणि मग वाटेत मला थांबवून विचारलं की पुढच्या वर्षी मी पण एक काढू का.